दादांची उसनवारी

दादांनी जन्मात कुणाचं काही फुकट घेतलं नाही. शेजारणीनं चिमूटभर मीठ दिलं, तर दादा संध्याकाळी तिच्या दारात मिठाचं पोतं टाकून येत. एकदा कुणीतरी लांबून हात केला, तर परतफेड म्हणून दादा हात हलवत त्याच्या घरापर्यंत गेले आणि त्याचं जेवण उरकेपर्यंत खिडकीबाहेर हलवत राहिले. त्यांच्या उपकारांनी सगळ्या गोतावळ्याची मान इतकी खाली गेली होती, की दादांचा चेहरा कुणाला धड आठवत नसे. चपला मात्र सगळे ओळखत.

अशा थोर माणसाच्या दोन्ही किडन्यांनी एकदमच राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेता घेता दादा अर्धे झाले. मशीनच्या भरवशावर फार काळ निघणार नाही, असं सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा धाकटी बहीण पुढे झाली. तपासण्या झाल्या आणि दोघांचं जुळलं. जन्मात पहिल्यांदाच.

"छान," दादा सर्जनबाईंना म्हणाले. "तिची एक मला बसवा, माझी एक तिला. बहिणीला मी कधी रिकाम्या हातानं पाठवत नाही."

सर्जनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर तोच माणूस होता.

"तुमच्या बंद पडल्यात हो."

"जुन्या आहेत, पण दणकट आहेत."

"तुमच्या आम्ही काढतसुद्धा नाही. असतात तिथेच राहतात. नवी खाली बसवतो, उजव्या जांघेच्या जरा वर."

"म्हणजे मला तीन आणि तिला एक? शोभतं का हे?" दादा तावातावानं उठायला गेले आणि धापा टाकत परत बसले. "मग नकोच मला."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "ऐका! जीव देतील, पण कुणाचं काही घेणार नाहीत."

सर्जनबाईंनी नेटानं समजावलं. धाकटीच्या पोटाला बारीक भोकं पाडायची, गॅस भरून पोट तंबूसारखं फुगवायचं, आत दुर्बीण सोडायची. किडनी सगळीकडून मोकळी करायची, रक्तवाहिन्या अगदी शेवटी कापायच्या आणि ओटीपोटावरच्या छोट्या चिरेतून ती अलगद बाहेर घ्यायची. "डावी घेऊ. तिची शीर लांब असते, जोडायला सोपी."

"डावीच का? उजवीत काही खोट आहे?"

"तुला घ्यायचीच नाही ना?" धाकटी म्हणाली. "मग चौकशा कसल्या? आणि दादा, देतंय कोण? उसनी देतेय. वापरून झाली की परत कर."

दादांचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं! एवढा वेळ घालवला बाईंचा." आणि ते ऑपरेशनला तयार झाले. सर्जनबाईंना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं दिसलं.

शेजारशेजारच्या दोन खोल्यांत काम झालं. बर्फगार पाण्यानं धुतलेली किडनी दादांच्या पोटात शिरली तेव्हा राखेसारखी फिकट होती. शिरेला शीर, धमनीला धमनी शिवली, चिमटे सोडले आणि ती बघता बघता गुलाबी झाली. लघवीची नळी मूत्राशयाला जोडायच्या आत तिनं अशी पिचकारी मारली, की वरचा दिवा भिजला आणि मदतनीस डॉक्टर टेबलाखाली गेले. शेवटी घराण्यातलीच ती! रक्त मिळाल्याबरोबर परतफेड सुरू.

दोन दिवसांत दादा टवटवीत. धाकटीची मात्र दशा. पोटातला उरलेला गॅस खांद्यात कळा काढत होता. तरी भिंत धरत, पोटाशी उशी दाबून ती दादांच्या खोलीत आली. कमरेत पार वाकलेली.

दादांनी ताबडतोब भेट म्हणून आलेली सगळी फळं तिच्यापुढे सरकवली. तिनं ती होती तिथे ठेवली.

"बरं, परत कधी हवी तेवढं सांग," दादा म्हणाले. "नीट वापरीन. ओरखडा येऊ देणार नाही."

"वेडा आहेस का? परत कुणाला हवीये? ती दिली मी तुला." धाकटी कळ गिळत म्हणाली. "लहानपणापासून तुझंच घेत आले. आज पहिल्यांदा तुझ्यासमोर ताठ उभी आहे. काही देऊ नकोस आता, दादा."

दादांनी तोंड उघडलं. वहिनींनी डोळे वटारले. पलंगाखालच्या पिशवीत नळीतून थेंब थेंब लघवी पडत होती, पिवळीधमक, धाकटीच्या मेहनतीची. दादा बराच वेळ ती बघत राहिले.

मग त्यांनी तोंड मिटलं.