शिवलेला म्हणून निवडलेला

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी दमलेला आहे. माझ्याकडून उत्साहाची अपेक्षा ठेवू नका. मी स्पॅनिश-मराठी शब्दकोश आहे, उशीएवढा जाड, आणि सध्या एका शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर पडून असतो. माझी पुढची पानं जुन्या फडक्यासारखी मऊ पडली आहेत आणि मागची अजून करकरीत आहेत. असं का झालं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे माझ्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवले, पाठीला कापड लावलं, वर पुठ्ठा चढवला. तेव्हा वाटलं होतं, आपण कुणा विद्वानाच्या टेबलावर जाणार. गेलो एका पुस्तकाच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर. खाली बारकी पुस्तकं येत आणि हातोहात जात. मला लोक खाली काढत, "बापरे" म्हणत आणि परत ठेवून देत. दुकानदार गुंडाळी झालेले नकाशे सपाट करायला माझं वजन वापरायचा. कौतुक म्हणावं तर एवढंच.

मग एक दिवस शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचा मुलगा लांबच्या देशात राहायचा, बायको तिथलीच. त्यांच्या मुलीला, म्हणजे बाईंच्या नातीला, फक्त आईची भाषा यायची. फोनवर आजीचा चेहरा दिसला की ती सोफ्यामागे दडी मारायची. मुलगा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा आणि थोड्या वेळाने तोही कंटाळायचा. आता उन्हाळ्यात ती तिघं पहिल्यांदाच राहायला येणार होती. बाईंना नातीशी बोलायचं होतं, मध्ये कुणालाही न घेता. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

दुकानदाराने रोजच्या बोलण्याचं एक पातळ पुस्तक पुढे केलं. "मावशी, सुरुवातीला हे घ्या. ये, बस, भूक लागली का, असली साधी वाक्यं आहेत."

बाईंनी ते उघडलं आणि कपड्याची शिवण पाहतात तशी त्याची पाठ दोन्ही बाजूंनी ताणून पाहिली. "हे नुसतं चिकटवलंय हो. चार दिवसांत पानं सुटतील."

"सुटेपर्यंत तुमचं शिकून होईल."

"आणि तो वरचा जाडा कसला आहे?"

मला खाली काढलं. बाईंनी पाठीतला दोरा निरखला, कागद चिमटीत धरून चोळला. "हा शिवलाय. काम म्हणजे असं असावं."

"अहो, तो शब्दकोश आहे. अडलेला शब्द शोधायला. त्यात कुणी बोलत नाही."

"माझे सगळेच शब्द अडलेत," बाई म्हणाल्या आणि मला पिशवीत घातलं.

कुणीतरी एकदाची माझी शिवण ओळखली, म्हणून मी हरखलो. तो आनंद काही फार टिकला नाही.

बाईंचा एक शिरस्ता होता. शिवण एका टोकाला धरली की दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, मधला टाका सोडायचा नाही. तोच त्यांनी मला लावला आणि पहिल्या पानापासून पाठ करत सुटल्या. काजं करताना, हुक लावताना तोंडात माझे शब्द. आजी आली, पाणी आलं, सुई आली तेव्हा त्या खूश झाल्या. पण त्यांच्या मागोमाग मधमाशी आली, वकील आला, जहाजाचा नांगर आला, भूल देणारा डॉक्टर आला; स्पॅनिशमध्ये हे सगळे पहिल्याच अक्षराचे. बाईंनी कुणालाही सोडलं नाही.

"अहो, मधमाशीचं काय करणार आहात?" शेजारीण विचारायची.

"पोरीला चावली तर? सांगता यायला नको?"

मी आतल्या आत म्हणायचो, बाई, 'ये' माझ्या मागच्या पानांत आहे, जरा पुढे उलटा हो. पण आमचं कोण ऐकतं? एकेक पान पुन्हा पुन्हा चोळलं गेलं, माझा पुठ्ठा निखळायला आला, मी थकत गेलो. उन्हाळा उजाडला तेव्हा आमचं पहिलं अक्षरही पुरतं झालं नव्हतं.

पाहुणे आले. मुलाच्या दोन्ही हातांत बॅगा, सून हसत उभी, आणि नात दारातच बूट काढायला बसलेली. बाई पुढे झाल्या. भेटल्यावर म्हणायचा शब्द माझ्या मधल्या पानांत आहे, तिथवर त्या पोचल्याच नव्हत्या. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्या गडबडल्या, आणि दाराशी म्हणायचा जो एकच शब्द त्यांना येत होता, तो तोंडातून निघून गेला.

"आदिओस," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आदिओस निरोप घेताना म्हणतात. नातीने एक बूट काढला होता. तिने आजीकडे पाहिलं आणि गुपचूप तो परत पायात घातला.

मुलगा हसला, सूनही हसली, पोरीला समजावून आत घेतलं. पण बाई स्वयंपाकघरातून बाहेर येईनात.

"इतकी घोकंपट्टी केली रे," त्या मुलाला म्हणाल्या, "आणि पोरीला दारातूनच वाटेला लावलं."

"आई, ती विसरेल."

"ती विसरेल. मी कशी विसरू?"

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. नातीची खुर्ची बुटकी पडायची, म्हणून मला खुर्चीवर ठेवून तिला माझ्यावर बसवलं. जन्मभर शब्द सांभाळले आणि शेवटी पाट झालो. बाई तिच्यासमोर मुक्याने ताट ठेवायच्या, ती मुक्याने जेवायची. दोघींचा तो अबोला मला नातीच्या वजनापेक्षा जड गेला.

एका दुपारी नात माझ्यावर बसून चित्र काढत होती. बाई मशीनपाशी सुईत दोरा ओवत होत्या. दिसेना. तीन-चारदा दोरा चुकला, तेव्हा त्या वैतागून स्वतःशीच पुटपुटल्या, "ही मेली आगुखा!"

नातीने मान वर केली. "आगुखा?"

बाईंनी सुई उंच धरली. "आगुखा."

नात टुणकन खाली उतरली, सुई घेतली आणि एका झटक्यात दोरा ओवून दिला. मग दोऱ्याला बोट लावून तिने त्याचं नाव सांगितलं. बाईंनी म्हणून पाहिलं, पण चुकलं. तिने मास्तरणीसारखं पुन्हा सांगितलं. मग कात्री झाली, बटण झालं, खिडकी झाली. देण्यासारखं बाईंकडेही होतंच. त्यांनी वकील काढला, जहाजाचा नांगर काढला, आणि भूल देणारा डॉक्टर निघाला तेव्हा पोर हसून हसून जमिनीवर लोळली. खुर्चीवर पडल्या पडल्या मी ऐकत होतो. बरं वाटलं.

जायचा दिवस आला. दारात बॅगा लागल्या, खाली गाडी उभी राहिली. बाईंनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, "आदिओस." या खेपेला शब्द अगदी बरोबर होता. नात बूट घालून तयार होती. ती खाली बसली, एक बूट काढला आणि बाजूला ठेवून दिला.

तो बाईंनाच तिच्या पायात परत घालावा लागला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात जाऊन ते पातळ पुस्तक घेऊन आल्या. घरी आल्यावर आधी दाभण घेतलं आणि त्याची पाठ दोऱ्याने शिवून टाकली. आता मशीनवर ते असतं, मी स्टुलावर.

तर मित्रांनो, नवी भाषा शिकायला निघालात तर आधी बोलणारं पुस्तक घ्या, आणि बोलणारं माणूस मिळालं तर त्याला सोडू नका. आम्हा जाड्यांना नंतर घ्या, पण हाताशी ठेवा. आमचे कान दुमडू नका, आमच्यावर कुणाला बसवू नका, आणि कृपा करून आम्हाला पहिल्या पानापासून पाठ करू नका. आम्ही फार दमतो.

मुलाचा फोन आला होता. पुढच्या उन्हाळ्यात परत येतो म्हणाला. फोन ठेवून बाई माझ्याजवळ आल्या, मला पहिल्यांदाच अगदी मधोमध उघडलं आणि एकच शब्द शोधला. भेटल्यावर दारात म्हणायचा. त्याच्यापुढे कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ ओढली आणि मला अलगद मिटलं.