आवाज मोकळा होतो म्हणे!

मी इअरफोन बोलतोय. कानात खुपसायचा, वायरवाला, स्वस्तातला. स्वस्त म्हणालात तर राग नाही. पण घाणेरडा म्हणालात तर ऐकून घेणार नाही. ती घाण माझी नव्हे!

कारखान्यात एका बाईने हातमोजे घालून मला जोडलं. माझ्या तोंडावरची बारीक जाळी उजेडाला धरून पाहिली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मान डोलावली. माझं स्वच्छ आयुष्य काय ते तेवढंच.

मग दादाच्या घरी आलो. दादा म्हणजे या घरातला थोरला. दिवसभर दुकानात पडदे विकतो आणि सुट्टीला मोबाइलसमोर बसून स्वस्त इअरफोनवर मत देतो. "मित्रांनो, मी काही तज्ज्ञ नाही हं, तुमच्यासारखाच साधा ऐकणारा," असं म्हणतो आणि मग तासभर तज्ज्ञासारखाच बोलतो. घरात त्याच्या कानांचा केवढा दरारा! टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, तेही त्यालाच विचारतात.

पण ते कान! शी! आतून पाहिलेत मी, सांगवत नाही. पिवळट, चिकट, ओलसर. त्यात मला पिळून पिळून बसवायचा, कारण म्हणे घट्ट बसला की बास, म्हणजे तो घुमणारा खर्ज, चांगला येतो. बाहेर काढल्यावर पुसायचं नाव नाही. तसाच खिशात, बिस्किटांच्या चुऱ्यात, आणि पुन्हा कानात. मला मळमळायचं, पण ओकणार कुठे?

जाळी बुजत गेली, आवाज दबका यायला लागला. कुणीही शहाणा माणूस आधी जाळी बघेल. दादा म्हणाला, "नवीन आहे ना, वाजवत ठेवला की आवाज मोकळा होतो." आणि जुन्या मोबाइलला जोडून, गाणी लावून मला मोज्यांच्या खणात कोंडलं. न धुतलेल्या मोज्यांच्या! त्या कुबट वासात मी दिवसचे दिवस बोंबलत होतो, कुणासाठी कोण जाणे.

अशात त्याच्या धाकट्या बहिणीने बाहेरचा गोंगाट नको म्हणून डोक्यावर चादर घेऊन एक उतारा वाचून रेकॉर्ड केला. पुस्तकं वाचून ऐकवणाऱ्या एका कंपनीला नवा आवाज हवा होता, आणि तिला शाळेपासून हेच काम करायचं होतं. नमुना त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

दादाने मला कानात ठोसलं. डोळे मिटले, भुवई उडवली.

"कोंदट आहे गं. शब्द उघडतच नाहीत. नको पाठवूस, उगाच हसं होईल."

"नक्की?"

"अगं, माझे कान आहेत हे!"

तेच तर दुखणं होतं! माझा असा संताप झाला, पण माझं ऐकतंय कोण? पोरीचा चेहरा पडला. फाइल पुसायला तिने बोट नेलं आणि थांबली.

"दे, एकदा मीच ऐकते." मला कानाशी नेलं आणि हात झटकला. "ईऽ! दादा, हे काय चिकटलंय?"

"रबर असेल."

"रबर कसलं? मळ आहे तुझा!"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "कान धू, कान धू म्हणून माझं तोंड दुखलं!"

धाकटीने जुन्या टूथब्रशने माझी जाळी घासली, कापसाने पुसली. हुश्श! मग ती स्वतःचा आवाज ऐकत बसली. संपता संपता हसली आणि जागच्या जागी नमुना पाठवून दिला.

दादाने मला पुन्हा कानात घातलं. "बघ! म्हटलं नव्हतं? वाजवून वाजवून मोकळा झाला की नाही?" हेच त्याने मोबाइलसमोरही सांगितलं. लाज म्हणून नाही!

कंपनीने धाकटीला घेतलं. परवा तिचं पहिलं पुस्तक दादा माझ्यातूनच ऐकत होता. मी पुन्हा गळ्यापर्यंत माखलेला. थोडं ऐकून तो म्हणाला, "तुझा आवाज जरा दबलाय गं हल्ली."

धाकटी तडक उठली. तोच टूथब्रश आणून त्याच्यापुढे ठेवला आणि खोलीचं दार लावून पुढचं प्रकरण वाचायला बसली.

ब्रश अजून तिथेच पडलाय. माझ्यावर मत काय द्यायचं ते खुशाल द्या हो, पण आधी कुणीतरी तो उचला!