सरळ केलेला कान

मित्रांनो, मी एक जुना ध्वनिशोधक आहे. बचाव पथकाच्या गोदामात, जुन्या दोरखंडांशेजारी पडून असतो. आवाज कुठून येतो ते बाणाने दाखवणे, एवढेच माझे काम.

मला घडवणाऱ्या बाईंनी आधी तीन वर्षे घुबडांचा अभ्यास केला. काही घुबडांचा एक कान वर असतो, एक खाली. म्हणूनच उंदीर वर आहे की खाली, हे त्यांना न बघता कळते. बाईंनी माझेही कान तसेच बसवले. "दिसायला वाकडा, पण कानाचा तिखट," असे त्या कौतुकाने म्हणत.

ढिगाऱ्यांतून मी सात माणसे शोधून दिली. लोक पाठीवर थाप मारत. तेव्हा बरे वाटायचे.

मग एकदा मोठे साहेब तपासणीला येणार होते. भांडारपालाने सगळे सामान पुसून रांगेत मांडले. मला पाहून तो म्हणाला, "अरेच्चा, याचा एक कान घसरलाय की! साहेबांसमोर असं बरं दिसतं का?" त्याने स्क्रू सैल केले, लेव्हल लावली आणि दोन्ही कान एका रेषेत आणले. माणूस मनाचा चांगला. साहेबांनी त्याला शाबासकीही दिली.

पुढच्याच आठवड्यात एक इमारत कोसळली. आत एक गवंडी अडकला होता आणि थापीने ठोकत होता. आवाज डावीकडचा, हे मी बरोबर सांगितले. वर-खाली मात्र मला कळेना. बाण आडवाच राहिला. पथकाने डावीकडे, जमिनीलगत खणायला घेतले.

गवंड्याची बायको दोरीपलीकडे उभी होती. "अहो दादा, आवाज वरून येतोय! हे वरच्या मजल्यावर आहेत!"

"वहिनी, मशीन चुकत नाही," पथकप्रमुख म्हणाला.

दुपारी ठोकणे थांबले. संध्याकाळी तो वरच्या मजल्यावर, तुटक्या स्लॅबखाली सापडला. थापी हातातच होती.

मी रडलो नाही. तशी सोय माझ्यात नाही. नंतर बाई आल्या आणि माझा कान पुन्हा खाली करून गेल्या. पथकाने मात्र मला परत बाहेर नेले नाही. भांडारपाल रोज धूळ पुसतो, पण कानांना हात लावत नाही. आता आवाज येतात नि जातात, मला काही वाटत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू वाकडी दिसली, तर ती तशी का आहे ते आधी विचारा. आणि हाताशी यंत्र असले, तरी दोरीपलीकडच्या माणसाचे ऐका. त्या दिवशी ती तीनदा ओरडली होती. तिन्ही वेळा माझा बाण बरोबर तिच्याकडे वळला होता.