माझ्या पोटातली फरशी

मित्रांनो, मी एक जुनी माती आहे आणि माझ्या पोटात फरशी आहे. दुसऱ्या कुणी तोंड वाकडं करून सांगण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं. वरून पाहाल तर मी रेताड, तांबूस, उघडीबोडकी. झाड नाही, ओढा नाही. ठोंबाठोंबांनी उगवलेलं गवत आणि मधेमधे मोकळी जागा, जणू शेजाऱ्यांनी एकमेकांशी अबोला धरलाय. हातभर खणलंत की कुदळ ठण्ण करून परत येते. तिथे माझी फरशी लागते. पांढरी, चुन्याची, विटेहून घट्ट. मला तिची लाज वाटत नाही.

ती कुणी आणून बसवलेली नाही, माझी मी केली. वारा कुठून कुठून धूळ आणायचा, त्या धुळीत चिमूटभर चुना असायचा. पाऊस इथे वर्षातून मोजके दिवस येतो आणि तोही घाईत असलेल्या पाहुण्यासारखा, चप्पल न काढता. त्याचं पाणी चुना विरघळवून खाली न्यायचं आणि हातभर उतरेपर्यंत त्याचा दम संपायचा. पाणी सुकायचं, चुना राहायचा. तुमच्या घरी पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना? तो आई घासून काढते. माझा थर घासायला कुणी आलं नाही. आधी खड्यांना खालच्या बाजूने पांढऱ्या दाढ्या आल्या. मग दाढ्या एकमेकींत गुंतल्या, मधल्या फटी बुजल्या आणि एक अखंड फरशी तयार झाली. किती वर्षं लागली? तुमच्या आजीच्या आजीच्या आजीपासून मोजायला लागा आणि कंटाळा आला की थांबा. निम्मंही झालेलं नसेल.

वरची कातडीसुद्धा माझी मीच कमावलेली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी दुधावर साय धरावी तशी काळसर खपली माझ्यावर धरली आहे. ती आहे म्हणून वारा मला उचलून नेत नाही. तिच्यावरून आज गाडी नेलीत, तर चाकांची खूण तुमचं लग्न होईपर्यंत दिसेल.

आणि फरशीचं काम काय, म्हणाल? पावसाचं पाणी तिच्यावर येऊन थांबतं. गवताची मुळं खाली येतात, फरशीला टेकतात आणि आडवी पसरतात, उन्हाळ्यात मुलं गार लादीवर पोट टेकून पडतात तशी. फरशी स्वतःही थोडं पाणी पिऊन ठेवते आणि मागून हळूहळू सोडते. पाऊस जाऊन पंधरवडा झाला तरी गवताच्या पायाशी ओल असते. इतक्या कमी पावसात इतकं गवत सांभाळणाऱ्या मातीला लोक नापीक म्हणतात. म्हणू देत!

माझ्यावर एका मेंढपाळाचं घर आहे. एकच खोली, दगडी भिंती, वर पत्रा. खालची जमीन म्हणजे मीच. त्यामुळे त्या घरात काय सांडतं आणि कोण पाय आपटतं, हे सगळ्यांत आधी मला कळतं. म्हातारे सासरे, दिवसभर साठ मेंढ्यांच्या मागे असणारा त्यांचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. नात एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणतात. शिवाय वाकड्या कानाची एक कुत्री. सून फार काळजीखोर. पोरगी शिंकली की ती आभाळाकडे बघते आणि आभाळ भरून आलं की पोरीकडे.

या घराची एक जुनी रीत आहे. दाराच्या मागे दीड हाताची लोखंडी सळई टेकवलेली असते. कळप नव्या तुकड्यात घालण्याआधी सळई माझ्यात खुपसायची, फरशीला टेकली की शंभर आकडे मोजायचे, मग उपसून तिचं टोक गालाला लावायचं. हाताला नाही, कारण कष्टाने घट्टे पडलेल्या हाताला काही कळत नाही. टोक गार लागलं, माती चिकटलेली असली, तर कळप चार दिवस चरणार. कोमट लागलं तर एकच दिवस, आणि पुढे चालायचं. सासूने ही रीत सुनेला शिकवली आणि मगच डोळे मिटले. त्या सळईने मला किती वेळा टोचलं असेल, त्याची गणती नाही. पण कळप घालण्याआधी कुणीतरी आपल्याला विचारतंय, हे मला आवडायचं.

मग एके दिवशी कुरणखात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. उन्हात स्वतः चालायचा, पाणी स्वतःचं आणायचा. त्यांच्याबरोबर आलेल्या तपासनिसाने जमिनीला भोक पाडायचं गिरमिट लावलं. ते हातभर आत गेलं आणि घासायला लागलं. साहेबांनी कागदावर 'दोष' या रकान्यात लिहिलं, 'हातभर खोलीवर कठीण थर.'

दोष! हजारो वर्षांची कमाई, आणि दीड इंचाच्या रकान्यात दोष!

"बाबा," साहेब म्हाताऱ्यांना म्हणाले, "तुमच्या जमिनीला छप्पर आहे आणि तेही जमिनीखाली. पाणी तिथे अडकतं. हे फोडलं की पाणी खोल जाईल, मुळं खोल जातील आणि गवत होईल कमरेएवढं."

"कुणाच्या कमरेएवढं, साहेब?" म्हातारे म्हणाले. "माझ्या की या भिंगरीच्या?"

साहेब हसले, पण यंत्र आलंच. घराच्या खालच्या अंगाला वीस पावलं रुंद पट्टा आखला. यंत्राच्या मागे वाकडा पोलादी दात होता, माणसाच्या पायाएवढा. तो माझ्यात शिरला आणि जे कधी उन्हात आलं नव्हतं ते उन्हात आलं. फरशीची ढेकळं वर, माती खाली, काळी खपली कुठल्या कुठे. मी रडले नाही. हे तीन दिवस चाललं, त्यात एकामागून एक असे दोन दात मोडले आणि मला वाईट वाटलं, असं मी मुळीच म्हणणार नाही.

"काय खाऊन बसलीय ही जमीन!" ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी घाम पुसत म्हणाला. चुना, भाऊ. चुना आणि वेळ.

नंतर पाऊस झाला. तो ओसरल्यावर साहेबांनी बिनबुडाचा पत्र्याचा डबा आणला. तो आधी माझ्यावर ठोकला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी बराच वेळ तसंच उभं राहिलं. मी पीत होते, पण माझ्या चालीने. मग डबा फोडलेल्या पट्ट्यात ठोकला. पाणी ओतलं आणि गडप! घड्याळ बघायलाही वेळ मिळाला नाही.

"बघा, कशी पितेय!" साहेबांचा चेहरा उजळला. म्हातारेही मान डोलवू लागले. डोळ्यांसमोर पाणी गेलं होतं, नाही कसं म्हणणार?

हुकूम झाला. पुढच्या पावसाआधी सगळं कुरण फोडायचं आणि तीन वर्षं कळप आत आणायचा नाही.

"तीन वर्षं मेंढ्या न्यायच्या कुठे?" सुनेने विचारलं.

"दुसरीकडे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे, साहेब?"

साहेबांनी कागद उलटसुलट केले. कागदावर 'दुसरीकडे' नावाची जागा नव्हती.

मेंढ्या विकायच्या, पत्रा उतरवायचा आणि शहरात कुणाच्या तरी दारात राखणदार म्हणून उभं राहायचं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं. सून जमिनीवर बोटाने रेघा ओढत बसली होती. त्या रेघा मला अजून आठवतात.

त्यातच तिला दुसरी काळजी लागली होती. महिन्यातून एकदा वजनकाटा घेऊन नर्सबाई यायची. तिने भिंगरीला काट्याला लटकवलं आणि ती म्हणाली, "दोन महिने काटा हललेला नाही. पोरगी जेवते का?"

"अहो, ताट पुसून ठेवते!" सून म्हणाली. "कणसुद्धा उरत नाही."

खरंच उरत नव्हता. पण तो कण कुठे जात होता, ते मला ठाऊक होतं. रोज जेवताना भिंगरी खाटेला टेकून बसायची आणि आई चुलीकडे वळली की उकडलेल्या बटाट्याची फोड खाटेखाली जायची. तिथून वाकड्या कानाची कुत्री जिभेने ती अलगद उचलायची. माझ्यावर पडलेला चुराही चाटून घ्यायची. मी ओरडून सांगितलं असतं, पण मातीला तोंड कुठलं?

यंत्र येणार होतं त्या दिवशी सकाळी सून चुलीकडे वळली आणि का कोण जाणे, लगेच परत वळली. भिंगरीचा हात खाटेखाली होता.

"अगं सटवे! हे कधीपासून?"

"तिला भूक लागते ना, आई," भिंगरी म्हणाली. "माझं ताट लवकर संपतं आणि तू खूश होतेस."

सून आधी रागावली, मग हसायला लागली. आणि हसता हसता एकदम थांबली. दाराबाहेर, खाली, फोडलेल्या पट्ट्याकडे पाहत राहिली. दाराच्या मागची सळई उचलली आणि मुलीला कडेवर घेऊन तरातरा चालत सुटली.

"सूनबाई, अनवाणी कुठे?" म्हाताऱ्यांनी हाक मारली.

"ताट कोण चाटतंय ते बघायला, बाबा!"

पाऊस जाऊन दहा दिवस झाले होते. पट्ट्यात तिने सळई खुपसली. ती लोण्यात सुरी जावी तशी अख्खी आत गेली. शंभर मोजून तिने उपसली आणि टोक गालाला लावलं. कोमट. वर पांढरी भुकटी. मग पट्ट्याची हद्द ओलांडून ती माझ्या न फोडलेल्या अंगावर आली. सळई हातभर जाऊन ठण्ण झाली. उपसली, तर टोकाला काळपट ओली माती चिकटलेली. तिने टोक गालाला लावलं, मग भिंगरीच्या गालाला.

"ई, गार!" भिंगरी किंचाळली.

तेवढ्यात यंत्र चढण चढून आलं. पुढे साहेबांची गाडी. सून यंत्राच्या वाटेतच उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "पोर आहे कडेवर."

"पोर आहे म्हणूनच उभी आहे. साहेब, माझी मुलगी दोन महिने ताट पुसून ठेवत होती. मी खूश. आणि जेवत होती कुत्री."

ड्रायव्हर खो खो हसला. साहेब गोंधळले. "त्याचा इथे काय संबंध?"

"तुम्ही डब्यात पाणी ओतलंत. ते गेलं, तुम्ही खूश. गवताला मिळालं का, ते कुणी बघितलं?"

"पाणी खोल गेलंय. तेच तर हवं होतं."

"किती खोल? आणि या गवताचा हात तिथवर पोचतो का? हा पट्टा बघा. दहा दिवसांत एक पातं तरी हिरवं झालंय? तेही राहू दे. हे गालाला लावा." तिने सळई पुढे केली.

"गालाला?"

"हाताला काय कळतंय, साहेब!"

चारचौघांत, टोपी सावरत, कुरणखात्याच्या साहेबांनी सळईचं टोक गालाला लावलं. आधी पट्ट्यातून काढून, मग माझ्यातून काढून. दुसऱ्या वेळी त्यांनी ते जरा जास्तच वेळ तसंच धरलं. मग ते म्हणाले, "फावडं आणा. हद्दीवर खड्डा घ्या, अर्धा इकडे, अर्धा तिकडे."

"म्हणजे मीच खणायचं," ड्रायव्हर पुटपुटला. पण त्याने खणलं.

साहेब खड्ड्यात उतरले. एका भिंतीत वरपासून खालपर्यंत कोरडी भुकटी, ढेकळं आणि सुकलेल्या मुळांची तुटकी टोकं. दुसऱ्या भिंतीत काळी खपली, खाली गार माती आणि फरशीवर अंथरलेली मुळांची दाट घोंगडी. जिवंत, पांढरी, ओली. साहेबांनी एक मूळ दोन बोटांत धरलं आणि त्याच्यामागोमाग बोट नेत राहिले. ते मूळ कुठेही खोल जात नव्हतं. त्याला जायचंच नव्हतं.

माफी वगैरे काही झाली नाही. गुडघ्यांना चुना लावून साहेब वर आले. खिशातून कागद काढून त्यांनी त्या दीड इंचाच्या रकान्यातली ओळ खोडली. ड्रायव्हरला म्हणाले, "यंत्र फिरव." आणि सुनेला म्हणाले, "कळप आहे तिथेच राहू दे. सळई मात्र एक मला पण करून द्या."

तर मित्रांनो, माझं कुरण वाचलं. तो वीस पावलांचा पट्टा तेवढा गेला. तो आता बरा होणार नाही, तुमच्या हयातीत तर नाहीच. तिथे वारा रोज थोडी थोडी माती उचलून नेतो. मला कुणाची कीव नको आहे. कठीण दिसणाऱ्याला फोडून मऊ करण्याची घाई तुम्हाला असते, म्हणून एवढंच मागते : आधी एक खड्डा घ्या, त्यात उतरा आणि कुणाची मुळं कुणावर टेकली आहेत ते नीट बघा. ताट रिकामं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, खाटेखाली वाका. आणि माझ्या काळ्या खपलीवरून जाताना मेंढ्यांच्या जुन्या वाटेनेच जा.

भिंगरीचा काटा पुढच्या महिन्यात हलला. आता ती आईच्या समोर बसून जेवते आणि कुत्रीला वेगळी वाटी असते. जेवण झालं की ती बाहेर येते, दोन्ही पाय जुळवून जमेल तेवढी उंच उडी मारते आणि धप्पकन माझ्यावर आदळते. "आई, बघ, मी जमीन फोडते!" म्हणून रोज ओरडते.

रोज वाट बघते मी तिची. आणि रोज, तसूभरही हलत नाही.