हमखास पडणारा उमेदवार

नोएलीनने मर्वच्या टायची गाठ सोडून पुन्हा बांधली, दोन पावलं मागे सरकली आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"हस जरा."

"कशाला? जुना फोटो काय वाईट आहे?"

"जुन्या फोटोत तुझे केस काळे आहेत. लोकांना वाटेल, तुझा मुलगा उभा आहे."

मर्व हसला नाही. परसातल्या शेडच्या पत्र्याला पाठ लावून तो दात उपटायला आलेल्या माणसासारखा उभा राहिला. जुना फोटो कित्येक निवडणुका पुरला होता. भातशेतीच्या या कुराबिन मतदारसंघात पक्षाचा उमेदवार म्हणजे मर्व हॅनिगन, आणि मर्व हमखास पडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव दिसावं म्हणून कुणीतरी उभं राहायचं असतं, एवढंच. नोएलीन शाखेची सेक्रेटरी. ती दर वेळी त्याच्या स्वयंपाकघरात येऊन कागद पुढे करायची आणि चहा ढवळता ढवळता तो सही ठोकायचा. या खेपेला मात्र पेन हातात धरून त्याने विचारलं होतं, "नक्की पडेन ना?" आणि ती म्हणाली होती, "माझा शब्द."

मग बॅसेटचं प्रकरण बाहेर आलं. वर्षानुवर्षं इथून निवडून येणारा, शेतकऱ्यांच्या पाण्यासाठी ऊर बडवणारा बॅसेट जावयाच्या नावावर कालव्याच्या पाण्याचे हक्क विकत घेत होता आणि दुष्काळात चढ्या भावाने विकत होता. ज्यांची भाताची शेतं पडीक राहिली होती ती माणसं पेटून उठली. पण अर्ज भरायची मुदत उलटून गेली होती. छापून आलेल्या मतपत्रिकेवर बॅसेट होता, मर्व होता आणि गांजा खुला करा म्हणणारा एक दाढीवाला होता. राजधानीतल्या ज्या मुख्य कार्यालयाला इतकी वर्षं कुराबिन नकाशावर सापडत नव्हतं, तिथून आता रोज फोन यायचा. नवा फोटो पाठवा, नवे फलक लावा, जनमत चाचणीत तुमचा माणूस पुढे आहे.

मागचं दार उघडलं आणि मर्वची बायको कोरल ओला टॉवेल घेऊन बाहेर आली. ती त्याचं तोंड पुसायला लागली, शाळेत निघालेल्या पोराचं पुसावं तसं. तो मान पुढे करून उभा राहिला.

"ही नर्स कोण?" नोएलीनकडे बघत कोरलने विचारलं.

"नोएलीन गं. आपल्या लग्नात तुझ्या आईपेक्षा जास्त रडली होती ती."

"आता का आलीय? हिला पगार मिळतो का?"

"छदामही नाही," नोएलीन म्हणाली. "चाळीस वर्षं फुकट राबतेय."

"मूर्खच आहेस मग," कोरल म्हणाली आणि टॉवेल पिळू लागली.

कोरल विसरते, एवढं गावाला माहीत होतं. ती मर्वच्याच हातून जेवते, तो घटकाभर दिसला नाही तर कालव्याच्या काठाने त्याला शोधत निघते, हे फक्त नोएलीनला माहीत होतं. अर्ध्या गावाला कोरलने पाढे शिकवले होते. त्याच गावाने तिची कीव करावी, हे मर्वला सोसणारं नव्हतं. कुणाला काही सांगणार नाही, असं त्याने नोएलीनकडून वचनच घेतलं होतं.

तो कोरलला सावलीत खुर्चीवर बसवून आला.

"निवडून आलो, तर राजधानीत किती राहावं लागतं?"

"बरंच."

"तिला तिकडे नेऊ? इथे न्हाणीघर कुठे आहे ते तिला कसंबसं सापडतं."

"राजीनामा देता येतो, मर्व."

"कारण काय सांगू? बायकोला वेड लागलंय म्हणून?" तो टाय सैल करत म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

नोएलीनने मोबाइल पिशवीत टाकला. खरं सांगायचं तर तिला जिंकायचं होतं. ऐन पंचविशीत ती पहिल्यांदा पत्रकं घेऊन मतदान केंद्राच्या फाटकाशी उभी राहिली. तेव्हापासून लोकांनी तिची पत्रकं तिच्यासमोर कचऱ्यात टाकली, तिच्या अंगावर कुत्री सोडली. तिचा नवरा "पुढच्या वेळी बघ" म्हणत म्हणत गेला. एकदा, फक्त एकदा, मोजणीच्या रात्री कुणीतरी आपल्याला मिठी मारावी, असं तिला वाटे. चाचणीचा आकडा कळला तेव्हा ती मर्वचा विचार न करता गाडीत एकटीच आनंदाने ओरडली होती. त्याची तिला आता लाज वाटत होती, आणि तरीही जिंकावंसं वाटत होतं.

आगाऊ मतदानासाठी मुख्य रस्त्यावरचं बंद पडलेलं चपलांचं दुकान घेतलं होतं. नोएलीन सकाळपासून दाराबाहेर उभी होती. पायांना सूज होती. आजवर तिला बघून रस्ता ओलांडणारी माणसं हात पुढे करून मर्वला मत कसं द्यायचं ते छापलेली कार्डं मागत होती.

"या वेळी तुमच्या म्हाताऱ्यालाच," भाताच्या गिरणीतला रॉन म्हणाला. "आज कामाची घाई आहे, पण मत टाकायला येणारच. बॅसेटची जिरवायचीय. मर्व काय, त्याच्या कुत्र्यालाही मत दिलं असतं."

"मर्वला सांगते. खूश होईल."

जेवणाच्या सुमाराला लॉयड आला. गावच्या साप्ताहिकाचा मालक, संपादक, वार्ताहर, सगळं तोच.

"निवडणुकीआधीचा शेवटचा अंक छापायला चाललाय. पाण्याचं विचारायचं राहिलं."

पक्षाच्या जाहीरनाम्यात एक कलम पहिल्यापासून होतं. नदी मरत चालली आहे, शेतीला दिलेल्या पाण्यातलं काही परत घेऊन ते नदीत सोडावं. नोएलीनला ते मनातून पटत असे. पण कुराबिनमध्ये ते मोठ्याने म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. म्हणून दर निवडणुकीत ती एकच वाक्य द्यायची, "शाखेचा विचार चालू आहे."

"नेहमीचंच लिहू ना?" लॉयडने विचारलं. "मागच्या अंकातून उतरवून घेतो."

पलीकडे मर्वची जुनी गाडी थांबली होती. कोरल पुढच्या सीटवर होती. मर्व खिडकीशी उभा राहून बेकरीतल्या मटण पॅटिसचे तुकडे फुंकून फुंकून तिला भरवत होता. तिने एक तुकडा थुंकला. त्याने तो तळहातावर झेलला आणि दुसरा पुढे केला.

"नाही," नोएलीन म्हणाली. "लिहून घे. आमचं सरकार आलं की पाणी परत घेणार. मर्व निवडून आला तर त्यासाठी हात वर करणार. पक्षाचा माणूस आहे, करावाच लागेल."

लॉयडची पेन्सिल थांबली.

"ऊन लागलंय का तुला? भातवाले एक मत द्यायचे नाहीत."

"खोटं बोलले का मी?"

"खोटं कुठे? जाहीरनाम्यात आहेच की."

"मग छाप. माझ्या नावानिशी."

तो गेल्यावर तिने पुढच्या बाईला कार्ड दिलं. तिला रडू येत होतं, आणि कार्डं वाटता वाटता रडणं बरं दिसलं नसतं.

अंक बाहेर पडला त्या दिवशी मुख्य कार्यालयाचा फोन वाजत राहिला. तिने तो पिशवीत तळाशी टाकला. माणसं पुन्हा रस्ता ओलांडू लागली. दुपारी रॉन तिच्यासमोर थांबला, कार्ड फाडलं आणि मत टाकायला आत गेला.

तेवढ्यात मर्व आला. त्याच्या काखेत अंक होता आणि कोरलने त्याची बाही धरली होती. त्याने अंक उघडून नोएलीनसमोर धरला.

"हे तू बोललीस?"

"हो."

"चुकून?"

तिने हातातला कार्डांचा गठ्ठा उगाच सारखा केला. "म्हातारपण रे. जीभ घसरते."

मर्वने टोपी काढली, पुन्हा घातली आणि रुमालात जोरात नाक शिंकरलं.

"मग मला तुझ्यावर चिडायला हवं," तो हळूच म्हणाला. "चारचौघांत. नाहीतर लोकांना संशय येईल."

"चिड ना. पण नीट चिड."

मर्वचं भाषण आजवर दुसऱ्या रांगेतल्या माणसाला कधी ऐकू गेलं नव्हतं. त्याने घसा साफ केला. "काय केलंस हे, बाई?" तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज चढत गेला. "जन्मभर राबलीस! उन्हातान्हात उभी राहिलीस! लोकांच्या शिव्या खाल्ल्यास! आणि घास हातातोंडाशी आला तेव्हा स्वतःच्या हाताने... स्वतःच्या हाताने, नोएलीन!" आवाज फाटला. समोरच्या बेकरीतली माणसं दारात आली. मतदान करून बाहेर पडलेला रॉन पायरीवरच थबकला. नोएलीन मान खाली घालून ऐकत राहिली.

कोरलने नवऱ्याची बाही सोडली आणि ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिने नोएलीनच्या गालावरून तळहात फिरवला.

"रडू नकोस गं," ती म्हणाली. "घरी गेला की शांत होतो. मी असते ना."

नोएलीनने मान हलवली आणि पुढच्या माणसासमोर कार्ड धरलं. त्याने ते घेतलं नाही.