साठ माणसांचा केक

"मास्तर, तुमीच सांगा ह्यास्नी. अंड्यावर बसल्याली कोंबडी उठवत्यात व्हय कुणी?"

बनुबाई पाटीच्या आणि नवऱ्याच्या मधे उभ्या होत्या. पाटीत खुडूक कोंबडी, तिच्याखाली बारा अंडी आणि समोर जर्मनचं रिकामं पातेलं घेतलेले नानासो.

"कवा बसवलीस?" नानासोंनी विचारलं.

"बसवली कवातरी."

"काल सांजच्याला तर शिंक्यात हुती. बारा. मी मोजून ठिवली हुती."

"मग झालं की. तुमचं काम मोजायचं, तिचं काम बसायचं."

मी चहाला आलो होतो. नवरा-बायकोच्या भांडणात निकाल देणाऱ्या मास्तराला दुसऱ्या दिवशी त्या घरी चहा मिळत नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. मी कोंबडीकडे बघत राहिलो. अंगणात अकरा पोरं उभी होती, तीही कोंबडीकडेच बघत होती. तारीख एक जून, साल पंचाहत्तर. त्या सगळ्यांचा त्या दिवशी वाढदिवस होता.

हे असं कसं, ते सांगायला हवं.

नानासो पलटणीत चोवीस वर्षं स्वयंपाकी होते. लोकांचे नवरे पेन्शनीत आले की मिशा आणि लढाईच्या गोष्टी घेऊन येतात. नानासो केक घेऊन आले. घराच्या मागं डांबराचं रिकामं पिंप आडवं पुरून, मातीनं लिंपून त्यांनी भट्टी केली आणि त्या उन्हाळ्यात पोरांना हाताशी घेऊन नानकटाई भाजायला सुरुवात केली. कुणी तूप फेसायचं, कुणी गोळे वळायचे, कुणी वर चारोळी दाबायची. आपापल्या गोळ्यावर ज्यानं त्यानं खूण करायची, म्हणजे भट्टीतून निघाल्यावर मारामारी नको.

आता त्याआधी वीस वर्षं गावची पोरं बनुबाईंच्या चुलीपुढं बसत होती. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून त्या मोठी पोळी लाटायच्या आणि कातणं पोरांच्या हातात द्यायच्या. पोरं वाकड्यातिकड्या कापण्या कापायची, बनुबाई तळायच्या. "ही कुणाची रं? माकडाच्या कानासारखी?" म्हणत ज्याची त्याच्या हातावर ठेवायच्या.

शाळेला सुट्टी असली तरी हजेरी घ्यायची माझी खोड जात नाही. एप्रिलच्या अखेरीला चुलीपुढं नऊ, भट्टीपुढं दोन. मेच्या मध्याला चुलीपुढं चार, भट्टीपुढं आठ. आणि महिना संपताना चुलीपुढं फक्त धुळा, तोही पाय मोडल्यामुळं. बनुबाई त्याला तीन पोरांच्या कापण्या वाढत होत्या आणि तोंडानं म्हणत होत्या, "खा बाबा. नानकटाई खाऊन कुणाची हाडं जुळत न्हाईत."

पण त्यांचा खरा राग पोरांवर नव्हता. तो होता एका फोटोवर.

नानासोंच्या ट्रंकेत, युनिफॉर्मच्या घडीखाली, एक फोटो होता. पांढरी टोपी घातलेले तरणे नानासो, पुढं दोन मजली केक आणि केकवर सुरी धरलेली झालरीच्या झग्यातली पोरगी. कॅप्टनसाहेबांची बेबी. "सव्वीस जानेवारीचा वाढदिस," नानासो सांगायचे. "सा वर्सं केक मीच केला. साठ माणसांचा. एकदा बी खड्डा पडला न्हाई." ती बेबी आता दोन लेकरांची आई असेल, कुठं दिल्लीला. पण बनुबाईंच्या डोक्यात ती पाच वर्षांचीच होती आणि रोज घरात हिंडत होती. नानासो गरम पाणी मागायला लागले की या म्हणायच्या, "बेबीला सांगा."

त्यात उन्हाळ्यात लेक अंजना तासगावहून माहेरी आली. तिच्यासोबत सात वर्षांची शकू. शकूनं फोटो बघितला आणि विचारलं, "आबा, माझा वाढदिस कवा?"

नानासोंनी मला बोलावणं धाडलं. शकूचा दाखला तिच्या आईच्या पिशवीत होता. मी वाचला. एक जून.

"माझा बी एक जून!" भट्टीपुढचा अर्जुना ओरडला.

"माझा बी!"

"मास्तर, माझा बी एक जूनच हाय न्हवं?"

होताच. सगळ्यांचाच होता. आई-बापांना तारीख सांगता येत नसली की आम्ही मास्तर लोक एक जून टाकतो. शाळा उघडताना बरोबर सहा पुरी होतात, हिशोब चुकत नाही. माझ्या रजिस्टरात अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलं आहे. सुईणीची त्या दिवशी काय धावपळ झाली असेल ते तिलाच ठाऊक.

नानासोंचा चेहरा उजळला. त्यांची एक अडचण होती. पलटणीत ते साठाच्या खाली कधी शिजवायला शिकलेच नव्हते. दीड किलो मैदा, बाराशे ग्रॅम साखर, बारा अंडी. हे पाठ. त्याच्या निम्मं करा म्हटलं की गडी गोंधळायचा. अकरा पोरं, त्यांची भावंडं, आया, आज्ज्या. साठ माणसं भरत होती. साखरेसाठी त्यांनी आठ दिवस गुळाचा चहा प्यायला आणि मलाही पाजला. राहिली अंडी. ती बनुबाईंच्या कोंबड्यांची.

आणि एक जूनच्या सकाळी बनुबाईंनी त्यांच्यावर कोंबडी बसवली होती.

"आवं, पोरं उभी हायती," नानासो मऊ आवाजात म्हणाले. "एक दिस तरी त्यांचा."

"कुणाचा दिस? मास्तरनं लिवल्याला दिस!" बनुबाईंनी पदर खोचला. "बेबीचा दिस तोंडपाठ. अंजनाचा सांगा बगू."

अंजना उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

नानासोंनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, ती बी रजिस्टरात असंल की. चौथीपातूर गेली हुती."

"एक जून," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"खोटं हाय ते," बनुबाई म्हणाल्या. "मास्तर, त्या वक्ती तुमी मला इचारलं, मी म्हटलं ठावं न्हाई. ठावं हुतं मला. किंक्रांतीला झाली ती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी, दिवस उगवायला."

किंक्रांतीला आमच्याकडं नवी चूलसुद्धा घालत नाहीत.

"आये," अंजना हळूच म्हणाली, "मला बी कवा बोलली न्हाईस."

"बोलून कुणी करून घेतलं असतं तुला? तुझ्या सासूनं?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "सव्वीस जानेवारीला बारसं हुतं, या म्हणून पत्र धाडलं. तुमचं उत्तर आलं, साहेब रजा दीना, घरात कार्य हाय. कसलं कार्य ते मला चोवीस वर्सांनी त्या फोटोत दिसलं. हिच्या बारशाला गूळ वाटला मी. उसना आणून."

पातेलं नानासोंनी दोन्ही हातांनी धरलं होतं, टोपी काढून धरतात तसं.

शेवटी बनुबाई खाली बसल्या, कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि एकेक अंडं काढून नवऱ्याच्या पातेल्यात ठेवू लागल्या. कोंबडी चोची मारत होती, त्यांनी हात मागं घेतला नाही. "पोरांचं त्यात काय चुकलं?" एवढंच म्हणाल्या.

केक झाला. पोरांनी पीठ ढवळलं, एकमेकांच्या नाकाला लावलं, शकूनं सुरी धरली आणि तिच्या हातावर अकरा हात पडले. साठ तुकडे झाले. माझा तुकडा मी भिंतीकडं तोंड करून खाल्ला. आमच्या घरी अंडं चालत नाही. बनुबाईंचा तुकडा ताटलीत तसाच राहिला. संध्याकाळी धुळ्यानं तो खाल्ला.

जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, नानासो शाळेत आले. कागद पुढं केला. दीड किलो, बाराशे ग्रॅम, बारा अंडी.

"मास्तर, ह्याचं पाच माणसांचं करून द्या."

मी बारानं भागून दिलं. एक अंडं. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला आणि कागद खिशात ठेवून खिशावर हात दाबला.

शाळा एस.टी.च्या थांब्यासमोरच आहे. किंक्रांतीच्या सकाळी घंटा देऊन बाहेर आलो तर दोघं थांब्यावर उभे. त्या दिवशी कुणी गावाला निघत नाही, बाकी थांबा मोकळा होता. कराडला गाडी बदलून तासगावला अंजनाकडं जायचं होतं. नानासोंच्या काखेत कापण्यांचं गाठोडं, बनुबाईंच्या हातात डालड्याचा डबा.

"बगा मास्तर," बनुबाईंनी झाकण उचललं. मुठीएवढा केक होता आणि मधोमध चांगला खोल बसला होता.

"लहान भांड्याला आच लवकर लागती," नानासो खाली बघत म्हणाले. "हात बसला न्हाई."

बनुबाईंनी डब्यात वाकून पाहिलं. "बेबीच्या केकला असा खड्डा पडला हुता का कवा?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई म्हटलं न्हवं."

"मग ह्यो निराळा हाय म्हणा," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

गाडी आली. "आज्जी, डबा वर ठेवा," कंडक्टर म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. खिडकीशी बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून असा धरला की शेजारी बसलेल्या नानासोंचा हातसुद्धा त्याला लागू नये.