खंडित वस्तूची पूजा

हेमसिंगच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन कडबा कापायच्या यंत्रानं नेली, तेव्हापासून हा माणूस ताकही फुंकून पिई. कारंज्याच्या शिखरचंद शेठजींना बंगल्यापुढं हिरवळीची हौस आली आणि त्यांनी मुंबईहून पेट्रोलवर चालणारं, मागून ढकलायचं, गवत कापायचं यंत्र आणलं. हौस शेठजींची, पण यंत्र सांभाळणं आलं माळ्याच्या, म्हणजे हेमसिंगच्या वाट्याला. यंत्राच्या पोटाखाली हात घालायचा तर आधी तो प्लगवरची वायर उपटून बाजूला करायचा. बायकोला, मोतीबाईला, त्यानं हे दाखवूनही ठेवलं होतं.

"हे वायर निघाली का मशीन मेली. लागली का जिती. मंग नुसतं पातं हातानं फिरवलं तरी इंजन उठते अन् बोटं घेऊन जाते."

मोतीबाईनं हे ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

खंडेनवमीच्या सकाळी हेमसिंगनं यंत्र धुतलं आणि धार लावायला पातं सोडवावं म्हणून वायर काढली. तेवढ्यात शेठजींनी त्याला झेंडू आणायला पिटाळलं. पूजा बायकांवर आली. त्याची आई सोनीबाई हिनं लोंबती वायर पाहिली आणि कुंकवाची चिमूट तशीच धरून ठेवली.

"हे काय व? खंडित वस्तूची पूजा करतेत का कुठं?"

"त्याइनंच काढली असंन, याडी." नवऱ्यासारखी तीही सासूला याडी, म्हणजे आईच म्हणे.

"काढली तं लाव. पूजा झाल्यावर काढून घेजो."

मोतीबाईनं वायर दाबून बसवली. टच् असा आवाज झाला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि वायर काढायची राहून गेली. पुजलेल्या हत्याराला दसरा सरेपर्यंत हात लावत नाहीत, म्हणून नंतर तिकडं कोणी फिरकलंही नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोतीबाई जवळच्याच वावरात कापूस वेचत होती. बांधावर गाडीवान रामकिसन गाडीला बैल जुंपत होता. त्यानं जुवाच्या भोकात शिवळेची खुंटी दाबून बसवली. टच्.

मोतीबाईला वायर आठवली. आज पातं सोडवतो, असं हेमसिंग सकाळीच म्हणाला होता. वायर काढलेलीच आहे असं तो धरून चालणार, कारण त्यानं ती स्वतःच्या हातानं काढली होती.

ओटीतला कापूस सांडला तरी ती थांबली नाही. जीव मुठीत धरून पळाली. घागरा बोरीला अडकून टरकन फाटला. मागं डावा हात कापला तेव्हा रक्त बांधायला तिनंच ओढणी फाडली होती. आता उजवाही गेला तर हा माणूस भाकर मोडणार कशानं? शेठजींना दुसरा माळी मिळेल. देवाला काय, नारळ पोचला. तिला स्वतःची, सासूची आणि देवाची एकदमच चीड आली.

बंगल्यापुढं यंत्र आडवं पडलं होतं. हेमसिंग पाठमोरा बसून डाव्या हातानं पातं धरून उजव्या हातानं पाना ओढत होता. नट जाम होता. पातं इंचभर हललं आणि मागं आलं.

ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दचकून त्यानं हिसका दिला तर पातं तिथंच फिरलं असतं. ती पाय न वाजवता मागून आली, वाकली आणि तिनं वायर उपटली.

"कोन हाय?"

"मी." वायर अजून तिच्या मुठीतच होती.

त्यानं वायरीकडं पाहिलं, मग पात्याकडं. पाना हातातून गळला.

"लागेल होती?"

"मीनंच लावली. पूजेसाठी."

तो उजव्या हाताची बोटं उघडत मिटत बसून राहिला. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला वायर पुन्हा लोंबत होती. सोनीबाईची चिमूट पुन्हा थांबली.

"अवं, खंडित वस्तूची..."

मोतीबाईनं शेजारी बसलेल्या नवऱ्याचा डावा हात ओढून घेतला आणि उरलेल्या तिन्ही बोटांना कुंकू लावलं.

"हा बी खंडितच हाय, याडी. याची नाई कराची का?"

म्हातारी लेकाच्या हाताकडं पाहत राहिली. मग तिनं लोंबत्या वायरीच्या टोकाला हळद लावली.